आक्काचा टाक

मला दुसरी आई होती आणि तिच्या गळ्यात माझी पहिली आई होती. कॉलेजात असताना मी माझा निबंध ह्याच वाक्याने सुरू केला होता. उर्दूत लिहिला होता, आणि वाक्य फार झकास जमलंय असं मला वाटलं होतं. आमच्या प्रोफेसरांनाही तसंच वाटलं. आज तेच वाक्य मराठीत लिहिताना माझा हात जड होतो.

आमच्या पाथरीकडच्या गावांत रीत अशी होती की बायको वारली आणि नवऱ्याने दुसरी केली, तर पहिलीचा टाक करून दुसरीच्या गळ्यात घालायचा. टाक म्हणजे चांदीच्या पातळ पत्र्यावर ठशाने उठवलेली बाईची आकृती, बोटाच्या पेराएवढी. सोनाराकडे ठसा एकच असायचा, त्यामुळे गावातल्या सगळ्या मेलेल्या बायका चांदीत सारख्याच दिसायच्या. दुसरीने नवं लुगडं आधी ह्या टाकाला लावायचं, मग नेसायचं. हळदीकुंकू आधी टाकाला, जेवताना पहिला घास टाकापुढे. नाहीतर गेलेली सवत रागावते, घरात काहीबाही होतं, असं बाया म्हणायच्या.

माझी आई गेली तेव्हा मी दोन वर्षांचा होतो. वर्षाच्या आत बाने दुसरं लग्न केलं. आलेल्या बाईला मी मावशी म्हणायला शिकलो, कारण सावत्र आईला आमच्याकडे मावशीच म्हणतात. ती माझ्या आईला आक्का म्हणायची. आक्काला तिने कधी पाहिलेलंही नव्हतं, पण बोलायची अशी की जणू आक्का मागच्या दारी धुणं वाळत घालतेय. "आक्का, ह्या पोराला सांग जरा, दूध पीत न्हाई," असं गळ्यातल्या टाकाला म्हणायची आणि मग मी दूध प्यायचो.

परभणीच्या शाळेतून मी पास झालो आणि मास्तरांनी बाच्या मागे लागून मला हैदराबादला कॉलेजात धाडलं. राज्य निजामाचं, कॉलेजातलं सगळं शिक्षण उर्दूत. इतिहासाला तिथे 'तारीख' म्हणत. बैलगाडीने मानवत रोड स्टेशनला यायचं, आगगाडीत बसायचं आणि एक आख्खा दिवस कोळशाची कुसळं डोळ्यांत घेत जायचं. मी उतरलो तेव्हा माझ्या अंगावर जाडंभरडं धोतर होतं आणि वर्षभरात शेरवानी आली. जीभ बदलायला जरा वेळ लागला. तुझ्या उर्दूला ज्वारीच्या भाकरीचा वास येतो, असं एका शहरी पोराने मला सगळ्यांसमोर ऐकवलं होतं. मी हसलो, पण ते मला इतकं लागलं की पुढचे सहा महिने मी आरशापुढे उभा राहून आदाब आणि तस्लीमची तालीम करत होतो.

तिथल्या रीतींपैकी एक मला फार आवडायची. तुमच्या हातातल्या वस्तूची कुणी तारीफ केली, की तुम्ही म्हणायचं, "आप की नज़्र है." म्हणजे ही तुम्हालाच दिली. समोरच्याने म्हणायचं, "आप ही को मुबारक." झालं. वस्तू जागची हलत नाही आणि दोघेही खानदानी ठरतात. आमच्या गावात कुणी असं म्हणालं असतं तर समोरच्याने वस्तू उचलून घरी नेली असती. मी मात्र ते वाक्य कुठे वापरायला मिळतंय ह्याचीच वाट बघत होतो. माझ्याकडे तारीफ करावी असं काही नव्हतं, ही खरी अडचण होती.

लोकांच्या राहणीचा आणि चालीरीतींचा इतिहास शिकवणारे आमचे प्रोफेसर फार मृदू बोलायचे. कितीतरी वर्षं परदेशात शिकून आलेले. ते म्हणायचे, बादशहांचा इतिहास दफ्तरात सापडतो, रयतेचा इतिहास तिच्या संदुकीत, चुलीजवळ आणि अंगावर असतो. दिवाळीच्या सुटीसाठी त्यांनी काम दिलं: घरातली एक वस्तू आणा आणि तिच्यावर निबंध लिहा. शहरी पोरं आजीचं पानदान आणणार, चुलत्याचा हुक्का आणणार, हे मला ठाऊक होतं. आमच्या घरात काय होतं? पेरणीचं चाडं, मुसळ आणि बाचा तुटका कंदील. गाडीत बसल्यापासून मी ह्याच काळजीत होतो, आणि घरी पोचून मावशी पाण्याचा तांब्या द्यायला वाकली तेव्हा टाक माझ्या डोळ्यांपुढे लोंबला.

दुसऱ्या दिवशी ती अंगणात वेचलेल्या कापसातली पानं-काड्या निवडत बसली होती. मी समोर जाऊन बसलो.

"मावशी, टाक मला आठ दिवस दे. कॉलेजात दाखवायचाय."

"आक्काला? कामून?"

"आमचे सर इतिहास शिकवतात. त्यांना बघायचाय."

"मास्तरला आक्काचं काय करायचं रे?" ती हसली. मग मी हसत नाही हे बघून तिचा हात गळ्याशी गेला. "न्हाई बाबा. आजवर एक दिस बी काडला न्हाई. बाळंतपणात बी न्हाई काडला म्या."

मी तिला समजावलं. मग चिडलो. अडाणीपणा आहे म्हणालो. ती मान खाली घालून कापूस निवडत राहिली. तेव्हा मी ते बोललो जे बोलायला नको होतं. "ती माझी आई आहे. तुझ्यापेक्षा माझा हक्क जास्त आहे तिच्यावर."

तिचे हात थांबले. वीस वर्षांचा घोडा झालो होतो मी. सतरा-अठरा वर्षं ज्या बाईने मला भरवलं तिला मी एका वाक्यात परकी करून टाकलं, आणि तेही एका निबंधासाठी. ती उठली, हात धुतले, देवापाशी जाऊन दोरा सोडला. निवडलेल्या कापसात टाक ठेवला, चार तांदूळ आणि चिमूटभर हळद घातली आणि फडक्यात बांधून माझ्या हातात दिला.

"हिला उपाशी ठिवू नको बरं. ज्येवताना पैला घास हिला दाव, मग तू खा. आन आठ दिसांत आन."

"हो, हो," मी म्हणालो.

कॉलेजच्या खानावळीत पहिल्या दिवशी मला तिचं बोलणं आठवलं. पुडी खोलीतल्या ट्रंकेत, सदऱ्यांखाली होती. जाऊन आणावी असं वाटलं, मग शेजारी बसलेल्या पोरांकडे बघितलं आणि गुमान जेवलो. नंतर आठवणही झाली नाही.

निबंध मात्र मी जीव ओतून लिहिला. दुसरी बायको जन्मभर मेलेल्या सवतीच्या धाकात जगते आणि हा टाक म्हणजे त्या धाकाचा शिक्का, असं माझं म्हणणं होतं. मावशीला तुला धाक वाटतो का, असं मी एकदाही विचारलं नव्हतं. वर्गात तो निबंध मोठ्याने वाचला गेला. भाकरीचा वास येतो म्हणणाऱ्या पोरानेही मान डोलावली. प्रोफेसरांनी टाक तळहातावर घेतला, खिडकीपाशी नेला, उजेडात उलटसुलट करून बघितला.

"बहुत ख़ूब," ते म्हणाले. "ऐसी चीज़ मैं ने आज तक नहीं देखी."

उचलली जीभ लावली टाळ्याला. "आप की नज़्र है, साहब."

आता ते 'आप ही को मुबारक' म्हणणार आणि मी लवून तस्लीम करणार, हे मी मनात शंभरदा घोकलेलं होतं. पण ते तसं म्हणाले नाहीत. परदेशात राहून रीत विसरले होते, की माझ्यासारखं खेडेगावचं पोर खोटं सौजन्य दाखवणार नाही असं त्यांना वाटलं, कोण जाणे. ते माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात विचारलं, विचार करून बोलतोयस ना? घरी विचारलंयस?

त्यांनी मला वाट मोकळी करून दिली होती. 'नाही साहब, घरी विचारतो,' एवढं म्हटलं असतं तरी टाक मावशीच्या गळ्यात परत गेला असता. पण चाळीस डोळे माझ्याकडे बघत होते. दिलेला शब्द मागे घेणारा गावंढळ मला व्हायचं नव्हतं.

"जी, पूछा है," मी म्हणालो.

त्यांनी छातीवर हात ठेवून माझे आभार मानले. मग रजिस्टर उघडून वस्तूचं वर्णन लिहायला बसले. पत्र्याच्या कडेला दोन बारीक खड्डे होते. ते बोटाने दाखवून त्यांनी विचारलं, ही खूण कसली? मला काय ठाऊक? पण तज्ज्ञ म्हणून उभा होतो ना मी. "सोनाराची खूण," मी ठणकावून सांगितलं, आणि त्यांनी ते लिहून घेतलं. त्या वर्षी त्या विषयात माझा पहिला नंबर आला.

पुढे दोनतीन महिन्यांनी त्यांनी मला बोलावून आनंदाची बातमी म्हणून सांगितलं की टाक इतर वस्तूंबरोबर दूरच्या एका शहरातल्या संग्रहालयात पाठवलाय, तिथे काचेत राहील, खाली माझं नाव राहील. मी शुक्रिया म्हणालो. बाहेर येऊन बराच वेळ जिन्यावर बसून राहिलो. परत मागावा, खरं काय ते सांगावं, हे तेव्हा सुचलं नाही असं नाही. सुचलं होतं. लाज वाटली.

उन्हाळ्यात घरी गेलो तर मावशी दारातच उभी. पाण्याचा तांब्या द्यायच्या आधी तिने विचारलं, "आक्काला आनलंस?"

"परीक्षेच्या गडबडीत राहिला. कॉलेजातच आहे, कपाटात. अगदी जपून ठेवलाय."

तिने मान हलवली. संध्याकाळी जेवायला बसल्यावर तिने मला विचारलं, "हैद्राबाद कोन्या अंगाला यील रे हितून?" मी अंदाजाने हात केला, उगवतीच्या जरा दक्षिणेला. तिने भाकरीचा तुकडा मोडून पळसाच्या पानावर ठेवला, वर कोरड्यास घातलं आणि ते पान त्या कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून ठेवलं. मग स्वतः घास घेतला. रोज असंच. मी रोज समोर बसून जेवत होतो.

पुढच्या दिवाळीला मी तिच्यासाठी इरकली लुगडं नेलं. गुन्हेगाराला दानधर्म फार सुचतो. तिने काठांवरून हात फिरवला, "लय झ्याक हाय," म्हणाली आणि घडी करून पेटीत ठेवलं. आक्का आल्यावर आधी आक्काला, मग मला, असं तिचं म्हणणं. ती दिवाळी, तो पाडवा, संक्रांत सगळं तिने फाटकं जोडून दंड घातलेल्या जुन्या लुगड्यात काढलं. शेजारणी विचारायच्या, लेक हैदराबादेत शिकतो आन तुझी ही दशा? ती हसण्यावारी न्यायची. मी तिला काही सांगितलं नाही आणि तिने बाजवळही कधी तक्रार केली नाही. त्याने मला एकदाच विचारलं, "आणलास का रे?" मी नाही म्हणालो. त्याने माझ्याकडे बघितलं आणि बैलांना पाणी दाखवायला निघून गेला.

मग माझ्या बहिणीचं लग्न निघालं. बहीण म्हणजे मावशीची मुलगी, चौदा वर्षांची. ते निजामी राज्याचे शेवटचे महिने होते, दिवस वाईट होते, गावोगाव भीती होती आणि लेकी लवकर उजवून टाकायची सगळ्यांनाच घाई झाली होती. बाचं पत्र आलं. तारीख, पाहुणे, मांडव सगळं लिहून शेवटी एक ओळ: तुझी मावशी म्हणते, आक्काला हळद लागल्याशिवाय मी पोरीला हळद लावणार नाही, तरी टाक घेऊन येणे.

आता तरी तोंड उघडायचं. पण मांडवात, पाहुण्यांसमोर, हळदीच्या पाटावर बसलेल्या पोरीदेखत 'मी टाक देऊन टाकला' हे कुठल्या तोंडाने सांगू? मी आधी पाथरीला उतरलो आणि सोनाराकडे गेलो. त्याने जुना पितळी ठसा काढला. "तुमच्या बाने नेला तो माझ्या बापाने ह्याच्यावरच केला होता," तो म्हणाला. मला केवढा धीर आला! तासाभरात तोच चेहरा, तीच नथ, तेच जोडलेले हात चांदीत उठले. फक्त फार चकचकीत होते. गावाबाहेर ओढ्याच्या काठी बसून मी ती नवी कोरी आई वाळूत घासली, राख लावली, तेलहळद चोळून रेघांत भरली. नाक जुन्यासारखं झिजेपर्यंत घासत बसलो होतो. इतिहासाचा पहिल्या नंबरचा विद्यार्थी जुनं बनवायला बसला होता.

मावशीने टाक दोन्ही हातांत घेतला. कपाळाला लावला. मग अंगठा त्याच्या कडेवरून फिरवला, एकदा, पुन्हा एकदा. चोराच्या मनात चांदणं, मी जमिनीकडे बघत उभा. मांडवात बाया हळदीचं गाणं थांबवून वाट बघत होत्या.

"आली बया," ती म्हणाली आणि टाक गळ्यात बांधला.

त्याला हळद लावली, मग पोरीला. इरकली लुगडं टाकाला लावून नेसली. लग्न नीट पार पडलं. मी मोकळा झालो, पंगतीत लाडू मागून घेतले, व्याह्यांशी उर्दूमिश्रित मराठीत थट्टामस्करी केली. सुटलो, एवढंच मला कळत होतं.

बहीण सासरी गेल्यावर दुसऱ्या दिवशी घर रिकामं रिकामं झालं. बा शेतावर गेला होता. आम्ही दोघंच जेवायला बसलो. मावशीने भाकरीचा तुकडा मोडला, पळसाच्या पानावर ठेवला आणि ते पान उचलून त्याच कोपऱ्यात ठेवलं. उगवतीच्या जरा दक्षिणेला.

"मावशी," मी म्हणालो, "आता कशाला? टाक तर गळ्यात आहे."

"ह्यो तुझ्यासाठी घातलाय," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "मांडवात तुझी मान खाली जाऊ ने मनून. आक्का तिकडंच हाय."

मी हातातला घास ताटात ठेवला. तुला कसं कळलं, मी विचारलं.

"त्याच्या कडंला तुझ्या दाताच्या खुना हायत्या," ती म्हणाली. "मी ह्या घरात आले तवा तू मला हात लावू देत नव्हतास. जवळ घेतलं की बोंबलायचास. आठ-दहा दिस आसंच चाललं. मग येक दिस मांडीवर रडून रडून तू आक्काचा त्यो टाक तोंडात धरलास, लय जोरात चावलास आन तसाच झोपी गेलास. दोन दात उठले. मी आक्काला मनले, बाई, तूच दिलंस बग लेकरू माझ्या वटीत." तिने अंगठा पुन्हा त्या नव्या, गुळगुळीत कडेवरून फिरवला. "ते दोन दात मी रोज चाचपायचे."

मी मावशीच्या धाकावर बारा पानं लिहिली होती.

मग तिने विचारलं, "तितं तिला कुनी घास दावतं का रे?"

"दावतात," मी म्हणालो. त्या घरात मी बोललेलं ते शेवटचं खोटं, आणि तिने ते मुकाट्याने घेतलं. पदर सावरून ती जेवायला लागली. पुढे जगली तोवर, कितीतरी वर्षं, ते पान त्या कोपऱ्यात ठेवत राहिली आणि मी दिलेला टाक गळ्यात वागवत राहिली.

तिच्यामागे तो टाक माझ्याकडे आला. तो मी देवात ठेवलेला नाही. दूरच्या त्या शहरात मी कधी गेलो नाही. दोनदा तिकीट काढलं आणि स्टेशनवरून परत आलो. तिथे काचेमागे तो असेल तर त्याच्याखाली माझं नाव असेल, आणि मी सांगितलं होतं तसंच लिहिलेलं असेल: कडेला सोनाराची खूण.